डाव्या रोलरचा नट

१४ डिसेंबर

शीटवरचं माहं नाव खोडरबरानं पुसलेलं सापडलं. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट असते, 'ड्रॉन बाय' पुढे म्या स्वतः लिहिलं होतं, एस. डी. राठोड. आता तिथे ओंकारचं नाव! त्यानं जी.टी., म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारली असती त एवढं लागलं नसतं. खाली बल्ब, वर काच, काचेवर माही शीट, त्याच्यावर कोरी शीट, आणि गिरवत बसायचं. चार वर्षं तो माह्याच शीटा गिरवून पास होऊन राह्यला. पण ही गिरवलेली नाई, ही माही ओरिजनल आहे. कागद तिरपा धरला की पुसलेल्या अक्षराचा वळ अजून दिसते.

विचारलं त म्हणे, "अगं, ग्रुपची शीट आहे ना. ग्रुप लीडरचं नाव टाकतात."

तुले लीडर कोणं केलं बे?

१६ डिसें.

गाइड सरांकडे गेलती. "राठोड, चौघांचा ग्रुप आहे. एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. तुझं अक्षर छान आहे, रिपोर्ट तू लिही."

झालं. मेकॅनिकलमध्ये मी एकटी पोट्टी. फर्स्ट इयरपासून हेच चालू आहे. फाइल हातात घेतली की "जर्नल पूर्ण कर". लेथवर उभी राह्यली की "ओढणी सांभाळ". वर्कशॉपचे मामा तेवढे म्हणाले होते, ओढणी कमरेले गुंडाळ आन् ये इकडे. बाकी सगळ्याइले माहं अक्षरच आवडते.

यंत्र माहं आहे. कापूस वेचून झाला की वावरात वाळलेली पऱ्हाटी उरते, ती मुळासकट उपटा लागते. याडीचे, माह्या मायचे, तळहात दर उन्हाळ्यात सोलून निघतात, चार दिवस तिले भाकर थापता येत नाई. म्हणून हे यंत्र. दात्यांचे दोन रोलर एकमेकांकडे फिरतात, मधात झाड सापडते, वर खेचल्या जाते. कल्पना माही, गणितं माही, सहाच्या सहा शीटा माह्या. ओंकारच्या घरी वडील हापिसात, आजोबा हापिसात. पऱ्हाटी कोणती आन् तुराटी कोणती, पुढ्यात ठेवली तरी त्याले सांगता येणार नाई.

यंदा कापसाले कुत्रं विचारून नाई राह्यलं. टीव्हीवाल्यांच्या गाड्या गावोगाव फिरतात, म्हणून कॉलेजलेही एकाएकी शेतकऱ्याचा पुळका आला. सगळ्या प्रोजेक्टात आमचाच पुढे काढला, मार्चात वावरात सगळ्यांसमोर चालवून दाखवा लागते.

२ जानेवारी, तांडा

बोरी अरबवरून पायी आली. पोहचली नाई त बा पेपर घेऊन समोर. आतल्या पानावर ओंकार, हातात माहं लाकडाचं मॉडेल. मथळा, 'शेतकऱ्यांसाठी तळमळणारा भावी अभियंता'. माहं नाव शोधलं. "व इतर सहकारी". इतर!

बा म्हणे, "तुह्याच वर्गातला आहे का? हुशार दिसते पोट्टा. त्याच्यासंगं अभ्यास करत जा."

म्या हो म्हटलं. काय सांगू? आजूबाजूचे सारे बसले होते. याडीनं तोंड पाहून ओळखलं, काही तरी बिनसलं म्हणून. चुलीजवळ म्हणे, कोर लोकाइच्या, तांड्याबाहेरच्याइच्या, नादी लागू नको, आपण शिकाले गेलो, भांडाले नाई. याडी, मी भांडणारच नाई. भांडलं की पोट्टी तोंडाळ होते.

ओंकारच्या फोटोचा पेपर घडी करून पिशवीत टाकला. त्याले सोडणार नाई.

१० जाने.

सुचलं! वर्गात बसल्या बसल्या सुचलं आन् हसू आलं, सरांनी उभं केलं.

दोन रोलर उलट-सुलट दिशेनं फिरतात. प्रत्येकाच्या टोकाले नट. उजवीकडचा नट फिरता फिरता घट्ट होत जाते. डावीकडचा मात्र ढिला होत जाते, म्हणून तिथे उलटे आटे पाडा लागतात. सायकलच्या डाव्या पायडलले असतात तसेच. शीटवर त्या नटाजवळ दोनच अक्षरं असतात, LH, म्हणजे लेफ्ट हँड. तेवढी नसली की बनवणारा सरळ आटे पाडून देईन. यंत्र सुरू होईन, दोन-चार मिनिटं झकास चालेन, टाळ्या पडतीन, मंग रोलर निघून सगळ्यांसमोर मातीत बदकन् पडीन. कोणी तरी विचारीन, काहून पडला? ज्याले उत्तर येते त्याचं यंत्र. ओंकारले येणार नाई. मी पुढे होऊन सांगीन.

एवढंच पाह्यजे मले. त्याचं तोंड पाहाचं आहे त्या वेळचं.

१३ जाने.

रविवार. जुनी शीट मळली म्हणून ओंकारले सांगतलं आन् नवी काढली, सकाळपासून चारपर्यंत. LH सोडून सगळं जसंच्या तसं. इतकी सुबक शीट म्या चार वर्षांत काढली नाई. 'ड्रॉन बाय'ची चौकट कोरी ठेवली, घे बाबा, भर. ओरिजनल ट्रंकेत, साड्याखाली.

संध्याकाळी ओंकार शीट न्याले हॉस्टेलच्या गेटवर आला. "थँक्स हं, तू आहेस म्हणून." दात दाखवत गेला.

 

१७ जाने.

त्यानं जी.टी. मारली, सरांनी सही ठोकली. सरांनीही पाह्यलं नाई! डोळ्याखालून घातली असती त दिसलं असतं. आता सरही आले लपेट्यात. आणखीच बरं. "अक्षर छान आहे."

५ फेब्रु.

रोलरचे शाफ्ट एमआयडीसीतल्या वर्कशॉपात बनून राह्यले. मी येते म्हटलं त ओंकार म्हणे, "तिकडे सगळी पोरंच असतात, तुला ऑकवर्ड होईल." नाई येत जा. तेथल्या मिस्त्र्यानं हाती आलेल्या कागदाप्रमाणं सरळ आटे पाडले असतीन. त्याले कोणता रोलर कुठं बसते हे कोणं सांगतलं?

१९ फेब्रु.

पुण्याच्या कंपनीचे लोक आले होते. वर्गातून दोघं घेतले. ओंकार आन् मी. मले डिझाइनले, निकाल लागला की रुजू व्हायचं. बाले फोन केला, किराणा दुकानावर. बानं फोन दुकानदाराच्या हाती दिला. मंग दुकानदारच म्हणे, रडून राह्यले वो ते.

घडीभर वाटलं, जाऊ दे, LH सांगून टाकावं. मंग ओंकारनं सगळ्यांसमोर पेढा भरवला आन् म्हणे, "मुलींना कोटा असतो बरं का कंपन्यांचा."

नाई सांगत जा.

९ मार्च

लिहा लागते, नाई त डोस्कं फुटीन.

यंत्र चालवून दाखवाले बाभुळगाव रस्त्यावर एक वावर ठरलं होतं. मांडव, खुर्च्या, गावचे लोक, कॅमेरेवाला, एक्स्टर्नल म्हणून नागपूरचे म्हातारे सर. ओंकारनं माइकवर शेतकऱ्याचं दुःख सांगतलं. बाया पदर तोंडाले लावून हसून राह्यल्या होत्या. इंजिन सुरू कराले वर्कशॉपचे मामा आणले होते.

यंत्र चाललं. खरंच चाललं! पऱ्हाटी मुळासकट वर येऊन राह्यली होती, धा-बारा झाडं, सरळ ओळीत. एक म्हातारी म्हणे, "बाप्पा बाप्पा, आधी कुठं होतं हे?" घडीभर मी सारं विसरली. माहं यंत्र चालून राह्यलं होतं.

मंग आवाज बदलला. नट सुटला. पण रोलर मातीत पडला नाई. त्याचे दाते एका जाड खोडात फसले, इंजिन रेटतच होतं, आन् रोलर आडवा उडाला. मामा डाव्या बाजूनं उभे होते. नडगीवर बसला. हाड मोडल्याचा आवाज म्या आयकला.

म्या सारं मोजलं होतं. मिनिटं मोजली, आटे मोजले. मामा कुठं उभे राहतीन ते मोजलं नाई.

म्हाताऱ्या एक्स्टर्नलनं शाफ्ट उचलून आट्यावर बोट फिरवलं. "इथे उलटे आटे नकोत का? ड्रॉइंग कोणी काढलं?"

ओंकार तडक म्हणे, "सर, राठोडनी. सगळी ड्रॉइंग्ज तिचीच आहेत."

चार वर्षांत पहिल्यांदा!

मी पुढे होऊन सांगणार होती ना, काहून पडला ते?  मामा ओरडून राह्यले होते.

११ मार्च

सरांच्या केबिनमध्ये. ओंकार आधीच बसलेला. बाकी दोघंही म्हणाले, ड्रॉइंग तिचंच, आम्ही नुसतं ट्रेस केलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणाव त त्या खऱ्या आहेत, हीच त गंमत.

सर आवाज खाली करून बोलले. सही त्यांची आहे ना शीटवर. "चौदा तारखेला लेखी खुलासा दे. 'अनवधानाने राहून गेले', बस. पासिंग मार्क देतो, विषय संपला. कंपनीला मात्र तुझी शिफारस आता मी करू शकत नाही. डिझाइनची जागा आहे, कळतं ना?"

म्हणजे मी पास, पण ढ. ओंकार पुण्याले.

आणि ट्रंकेत ओरिजनल पडली आहे. LH सकट, पुसलेल्या नावाच्या वळासकट. ती टेबलावर टाकली की ओंकार संपला, सरांची सहीही संपली. पण मंग सारे विचारतीन, माहीत होतं त दिलं काहून नाई? मामाचा पाय म्या मोडला असं होईन. होईन काय, झालंच आहे. कॉलेजातून काढतीन. बाले काय सांगू?

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

१२ मार्च

सरकारी दवाखान्यात गेली. मामाचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. मामी संत्री सोलून देऊन राह्यली होती, मले पाहून तिनं मलेही दोन फोडी दिल्या. मामानं तिले चहा आणाले पाठवलं.

"वर्कशॉपातल्या ग्राइंडरचं डावं चाक तुले कोणं उघडून दाखोलं होतं?"

"तुम्ही."

"त्याचा नट कसा होता?"

"उलट्या आट्याचा."

मामानं हातातली संत्र्याची फोड खाली ठेवली. मंग म्हणे, "लोकाइले सांगजो भुलली म्हणून. म्या तोंड उघडत नाई. पण मले नको सांगू. माही शिकोलेली पोट्टी भुलत नाई."

त्याइनं शिव्या दिल्या असत्या त बरं झालं असतं. मी पाया पडाले वाकली त पाय प्लास्टरमधला. खाटेच्या दांडीले हात लावून आली.

१३ मार्च

ओंकार हॉस्टेलच्या गेटवर. तोंड उतरलेलं. "अनवधानाने लिही ना प्लीज. बाबा सरांशी बोलतील, तुझं पुण्याचं पण बघू. माझ्या घरी सगळ्यांना सांगून झालंय गं."

माह्या घरी नाई सांगितलं का रे? किराणा दुकानावर माहा बा रडला.

म्या विचारलं, "मामाले पाहाले गेलता का?"

"जाणार आहे. परीक्षा झाल्यावर."

ते आयकलं आन् निवत आलेला राग पुन्हा भडकला. मामाचा पस्तावा मले आहे, झोप लागत नाई. ओंकारचा काडीइतका नाई. दोन्ही एका खुलाशात कसे लिहू?

१४ मार्च

डिपार्टमेंटच्या बाकावर बसून लिहून राह्यली. दोन खुलासे केले. एकात अनवधान, चार ओळी. दुसऱ्यात सारं, पुसलेल्या नावापासून मामाच्या पायापर्यंत, दोन पानं. दोन्हीवर सही केली. ओरिजनल गुंडाळून सोबत आणली.

ओंकार बाकाच्या दुसऱ्या टोकाले येऊन बसला. गुंडाळीकडे पाहून म्हणे, "हे काय आणलंस?"

"ड्रॉइंग आहे. वाचता येते का पाह्य."

उलगडून त्याच्या मांडीवर टाकली. तो पाहून राह्यला आहे. वरून खाली, खालून वर, डावीकडे, उजवीकडे. दोन मिनिटं झाली. ते दोन अक्षरं त्याले अजून दिसले नाई.

आतून सरांनी हाक मारली, "राठोड, आणलं का?"