शेवटची चौकट आधी

बार्सेलोना, २३ नोव्हेंबर १९८६

प्रिय इसिद्रो,

ईस्टरला आलेल्या तुझ्या पत्राचं उत्तर मी आत्ता लिहिते आहे. त्यात मुलींबद्दल होतं, चष्म्याच्या दुकानाबद्दल होतं, तिकडे समुद्रापार रोसारियोत पडणाऱ्या उकाड्याबद्दल होतं आणि मध्येच एक ओळ होती: 'त्यांनी स्वतःच्या तोंडाने, माझं नाव घेऊन बोलावलं तर येईन. तू बोलावतेस म्हणून येणार नाही.' कळवण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी गप्प राहिले, असं लिहिणार होते. पण ते अर्धंच खरं आहे. सगळा उन्हाळा मी बाबांच्या तोंडून तुझं नाव काढून घ्यायच्या खटपटीत होते आणि ते जमत नव्हतं, याची मला लाज वाटत होती. तू यावंस असं मला वाटतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुला माझ्यावर नजर ठेवता येईल.

जूनमध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, ते मी तारेने कळवलंच होतं. उजवा हात गेला. बोलणं परत आलं, पण माणसं इकडची तिकडे झाली. मला ते कधी पोरी म्हणतात, कधी प्रुदेन्सिया. आईच्या नावाने हाक आली की मी ओ देते. दुरुस्त करत बसत नाही. मी शाळेत असते तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची एन्ग्रासिया त्यांच्यापाशी बसते. तुला ती आठवत असेल. जिन्यात गाठून टाळक्यात टपली मारायची आणि विचारायची, 'काय रे कार्ट्या, आज कुणाचं वाटोळं केलंस?' ती एकटीच नव्हती म्हणा. खाटीक मारायचा, पाववाला मारायचा, पाद्रीसुद्धा मारायचा. सगळे प्रेमानेच मारायचे. दर आठवड्याला बाबांची 'चिस्पी आणि चास्को' ही चित्रकथा वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, चित्रकाराचा मुलगा म्हणजे तोच चास्को. आपल्या गल्लीत तुझ्याइतकं गरीब पोर दुसरं नव्हतं, हे चित्रात कुठे दिसणार?

मी जुन्या गोष्टी उकरते आहे, कारण गेल्या महिन्यात मला कळलं की त्या मला नीट ठाऊकच नव्हत्या. चष्मेवाले तीन तरुण आले होते, जुन्या चित्रकथांवर लेख वगैरे लिहिणारे. एक पाटी घेऊन आले होते, पितळेची, 'स्पेनच्या बालपणाला हसवणाऱ्या हातास' असं कोरलेली. ती त्यांनी बाबांच्या मांडीवर, त्याच मेलेल्या हाताखाली ठेवली. बाबा खूश होते. त्यातल्या एकाने विचारलं, 'डॉन बाल्दोमेरो, इतक्या खोड्या तुम्हाला सुचायच्या तरी कशा?' बाबा म्हणाले, 'खोड्या कुणालाही सुचतात. आधी शेवटची चौकट काढायची.' आणि मग अगदी स्पष्ट, वर्गात शिकवावं तसं त्यांनी समजावून सांगितलं. पोरांनी खोडी केली की त्यांना शिक्षा झालेली दिसलीच पाहिजे, नाहीतर सरकारी तपासनीस पान परत पाठवायचा. मग जी चौकट चुकणारच नाही, ती आधी का काढू नये? सोमवारी शिक्षा काढायची, अगदी सुबक. मंगळवार-बुधवारी हिशेब करायचा की असली शिक्षा मिळायला पोराने काय केलं असेल. गुरुवारी खोडी तयार. तिघेही खूप हसले. एकाने लिहून घेतलं.

मी कॉफी घेऊन दारात उभी होते. आजवर मला वाटत होतं की तू शिक्षा होण्याजोगं काहीतरी करत असशील. मी लहान होते, शाळेतून उशिरा यायचे, तोवर तू खिडकीपाशी गुडघ्यांवर असायचास, दोन्ही हात आडवे पसरलेले, प्रत्येक तळहातावर जाड पुस्तकं. बाबा कागदावर वाकलेले. मला वाटायचं, आज याने काय केलं असेल? विचारलं की आई म्हणायची, 'तुला काय करायचंय? जा, हात धू.' तू काहीच केलेलं नसायचंस. सोमवार असायचा, एवढंच. खोड्या माझ्या असायच्या. पुढे अंकात पाद्रीच्या टोपीत खेकडा निघायचा, मावशीच्या विगाला डिंक लागायचा. त्यातलं निम्मं मी खरंच केलेलं होतं. पण मुलीने असलं केलेलं संपादकांना चालणार नव्हतं, म्हणून मी कागदावर मुलगा झाले, चिस्पी झाले आणि शेवटच्या चौकटीत खिडकीतून पळून जाताना तेवढी दिसायचे. पकडला जायचा तो चास्को.

चण्यांचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. परवा एन्ग्रासियाला सांगितलं. गुडघ्यांखाली कोरडे चणे पसरले की पाठ कशी ताणली जाते, हात किती वेळाने थरथरायला लागतात, हे बाबांना बघून काढायचं असायचं. थरथर दाखवणाऱ्या त्या बारीक रेषा! सगळा देश त्या रेषांना हसायचा. मनाने काढल्या की खोट्या वाटतात, म्हणायचे. म्हणून हात थरथरायला लागेपर्यंत ते टाक शाईत बुडवायचेच नाहीत, आणि थरथरायला लागले की सावकाश काढायचे. आई स्वयंपाकघरातून डोकावून हळूच म्हणायची, 'हात जरा वर धर, राजा, म्हणजे लवकर संपेल.' ती खोटं बोलायची. वर धरलेस की त्यांना जास्त वेळ मिळायचा. नंतर ती तेच चणे वेचून धुवायची, भिजत घालायची, आणि मंगळवारी आपण ते डुकराच्या चरबीबरोबर शिजवलेले खायचो. हे ऐकून एन्ग्रासिया म्हणाली, 'तेव्हा चणे टाकून देण्याइतकं कुणाकडे होतं?' मला तिचा राग आला. मग वाटलं, आईनेही हेच म्हटलं असतं, आणि बहुधा मीही.

त्या तिघांपैकी जो सर्वांत धाकटा होता त्याने जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं की लहानपणी तो अंक हातात आला की आधी शेवटची चौकट बघायचा. त्याच्या घरी बाप फार मारायचा. दुसऱ्या कुणालातरी मार बसतोय हे बघून त्याला बरं वाटायचं. अगदी मनापासून सांगत होता, डोळे भरून आले होते त्याचे. मी त्याला तुझा पत्ता देणार होते. दिला नाही. त्याने तुला आभाराचं पत्र लिहिलं असतं, आणि ते वाचणं तुला कसं झेपलं असतं?

त्याच दुपारी त्याने बाबांना विचारलं होतं की ही दोन पोरं कुणावरून घेतली. बाबा म्हणाले, 'कुणावरून नाही. माझी मुलं गुणी होती. मी त्यांच्यावर कधी बोट उचललं नाही.' इसिद्रो, हे खरं आहे. मी खूप विचार केला. एक चापटसुद्धा मला आठवत नाही. तुला आठवते का? त्यांना मारायची गरजच नव्हती. ते तुझ्यावर रागावलेलेही नसायचे. शीळ घालायचे काम करताना. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत राग असता तर निदान तू काहीतरी केलं असशील असं तुला वाटलं असतं. हे वाक्य लिहून मी थांबले, कारण मला ते जरा जास्तच जमून आल्यासारखं वाटलं. हात पसरून धरता धरता तुझा खांदा कायमचा जातो कामातून आणि मी वाक्यं जुळवते. पण खोडत नाही.

आता तुझ्या नावाचं. जुलैत मी त्यांच्यापुढे तुझा पहिल्या कम्युनियनचा फोटो धरला, पांढरा सदरा, हातात मेणबत्ती. 'चास्को,' ते म्हणाले. मी म्हटलं, 'बाबा, नाव सांगा त्याचं. खरं नाव.' 'तेच तर सांगतोय,' म्हणाले. मग तू पाठवलेला, दुकानाच्या दारातला फोटो दाखवला, तुला टक्कल पडलंय तो. बराच वेळ बघून विचारलं, 'हा कोण? विमा विकायला आलाय? नको म्हणावं.' मी हसले. हसायला नको होतं, पण तू तिथे असतास तर तूही हसला असतास. ऑगस्टमध्ये मी रोज जेवताना तुझं नाव घ्यायचे. इसिद्रोला मासे आवडायचे, इसिद्रो अमुक, इसिद्रो तमुक. ते मान डोलवायचे, परक्या माणसाची तारीफ ऐकावी तशी. एकदा तर म्हणाले, 'हा इसिद्रो फारच शहाणा दिसतो. त्याच्याशी लग्न का नाही केलंस?' त्या दिवशी मी सूपचा वाडगा त्यांच्यापुढून काढून घेतला आणि ते हात पुढे करत होते तरी परत ठेवला नाही. स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. ते 'प्रुदेन्सिया, प्रुदेन्सिया' करत राहिले. शेवटी दमून झोपले. सूप मी मोरीत ओतलं. रोजनिशीत त्या दिवसाखाली मी फक्त 'आज उकडलं' एवढंच लिहिलंय, म्हणजे बघ.

चास्कोबद्दल मात्र ते भरभरून बोलतात. चास्कोला थंडी वाजत असेल, खिडकी लावा. चास्को जेवला का? फार सोसतं ते पोर, बिचारं तक्रार करत नाही. एन्ग्रासियाला हे ऐकून भरून येतं. मला काय होतं ते सांगता येत नाही. त्या कागदी पोराचे केस विंचरायला निघालेल्या या म्हाताऱ्याकडे बघून मला वाटतं, माया याच्यात होती तर. नव्हतीच असं समजून मी पंचेचाळीस वर्षांची झाले. मुळात नसतीच, तर ते सोपं होतं.

आणि आता गेल्या मंगळवारचं, ज्यासाठी हे पत्र. दुपारी त्यांनी डाव्या हाताने पेन्सिल मागितली. मी मांडीवर फळी ठेवली, कागद टाचला. 'शेवटची चौकट,' म्हणाले आणि वेड्यावाकड्या चार रेषा ओढल्या. त्यात बराच वेळ गेला, घाम आला त्यांना. मग खिडकीखालच्या फरशीकडे बघत बसले. तिथे काहीच नव्हतं. मी विचारलं, 'काय हवंय, बाबा?' 'हात,' म्हणाले. मी तिथे जाऊन गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात आडवे पसरले. का, ते मला अजून कळलेलं नाही. तुझ्या वाट्याचं थोडं भोगून बघावं म्हणून असेल. की त्यांनी एकदा तरी मला काढावं म्हणून? दुसरं जास्त खरं असावं, अशी मला भीती आहे. ते माझ्याकडे नीट बघत होते, डोळे बारीक करून, पूर्वी बघायचे तसे. माझे हात लगेच थरथरायला लागले. मग ते म्हणाले, 'तू नको. अजून सुरूही होत नाही तोवर हलतेस. इसिद्रोला बोलाव. तो शेवटपर्यंत धरतो.' दारात एन्ग्रासिया उभी होती. तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि रडायलाच लागली. 'ऐकलंत ना? मुलाला हाक मारली. आजच लिहा त्याला.' संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं होतं की डॉन बाल्दोमेरोंनी घर सोडून गेलेल्या मुलाला माफ केलं. खाटकाने कोकराची कलेजी फुकट दिली. एन्ग्रासियाचं म्हणणं, तुला एवढंच कळवावं: 'बाबांनी नाव घेऊन बोलावलंय, ये.' यात एक अक्षर खोटं नाही, तुझी अट अक्षरशः पुरी झाली आहे, आणि एवढंच लिहिलं तर तू नाताळला इथे असशील हे मला माहीत आहे. चार दिवस मी तेवढंच लिहून पाकिटात घालायचा प्रयत्न केला. आता सगळं वाक्य लिहिलंय, पुढचं-मागचं धरून. डॉक्टर म्हणतात, फार तर सहा जानेवारीच्या, तीन राजांच्या सणापर्यंत काढतील. रोज दुपारी ते पाठीला उशी लावून घेतात, फळी मांडीवर मागतात आणि दाराकडे बघत विचारतात, 'निघाला का?' पहिले तीन दिवस मी नुसती उशी सारखी करत राहिले. काल म्हटलं, 'निघालाय.' मी खोटं बोलले की नाही, ते आता तुझ्या हातात आहे. पण तू आलासच तर सोमवारी येऊ नकोस.

तुझीच, तू सोडून गेलास तिथेच असलेली,
लेओकादिया