आगीतून निघालेली खडी

तीर्थरूप मायला,
ओडिशाहून अमृतचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आठे बठ्ठं बरं शे, काळजी करू नको. फोनवर तू नुसती रडतेस, म्हणून लिहितोय. ज्योती शाळेतून आली की वाचून दाखवेल.

पोलाद वितळलं की वर मळ तरंगतो, त्याला स्लॅग म्हणतात. कापूस वेचून झाला की आपण पऱ्हाट्या चुलीला लावतो, तसा इथे तोही वाया जात नाही. गार करून, पाणी मारून महिनोन्‌महिने उघड्यावर ठेवतात, मग फोडून खडी करतात. मी खडीवर असतो, भट्टी लांब आहे.

आमच्या खडीचा पहिला रस्ता झाला. पाय बरा झाल्यावर मीही बघून आलो.

ज्योती, पायाचं मायला वाचू नको. नुकत्याच आलेल्या ढिगातलं, वरून गार दिसणारं ढेकूळ पायाखाली आतून तापलेलं निघालं. जखम आता भरली.

नानांचा खोकला थांबला का? दिवाळीला त्यांना चाळीसगाव स्टेशनवर पाठवू नका, मी येईन आपला.

ज्योती, तू वाचलंच असशील. तुझ्या पोटात काही राहत नाही. मग हेही मोठ्याने वाच: त्या रस्त्यावर मी बूट काढून उभा राहिलो. माय, तळव्यांना गार लागला गं.

तुझा,
अमृत