डोक्यावरचा पदर

कोल्हापूर, गुरुवार, १२ फेब्रुवारी १९९८

चौकात मी घडवलेल्या दूधवालीचाच पुतळा बसवायचं ठरलं. बाकीच्या दोघा मूर्तिकारांच्या मूर्तींकडं लोकांनी नीट बघितलंसुद्धा नाही. मला आनंद व्हायला हवा होता.

संध्याकाळी पेठेतली माणसं माझ्या कारखान्यात मातीची मूर्ती बघायला आली. हातातली किटली आवडली, चालण्याची ढब आवडली. मग शेजारच्या आक्का म्हणाल्या, "बाई झ्याक हाय, पण डोस्क्यावर पदर न्हाय की! भर चौकात बरं दिसतंय व्हय हे?" बायकांनी माना डोलावल्या. निवड समितीचे साहेब म्हणाले, "लोकांचं म्हणणं आहे, तेवढं करून टाका."

मी हो म्हणालो. का म्हणालो? मूर्तीच्या मानेवरचा तो सैल अंबाडा माझ्या शालनचा आहे, हे सगळ्यांसमोर कसं सांगणार होतो? बायको जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या हातचं कालवण मागून नेणाऱ्या आक्कांनीसुद्धा तिला ओळखलं नाही.

शालननं माझ्या आईसमोरही कधी डोक्यावर पदर घेतला नाही. आई बोलत राहायची आणि ही नुसती हसायची. आज तो मी माझ्या हातानं घातला.

अंबाडा खरवडायला हात धजेना. म्हणून त्याच्यावरच माती थापून पदर केला. आत अंबाडा तसाच आहे.

उद्या मूर्तीवरून साचा घ्यायचा, पुतळा त्यातूनच ओतायचा. साच्यात वरचं तेवढंच उतरतं. आतली माती आम्ही फोडून काढतो आणि पुढच्या कामासाठी हौदात भिजत घालतो.