काटा ऐंशीवर

१२ नोव्हेंबर

पुन्हा रडली! बाबा तळ्याच्या पाळीपर्यंत गाडी घेऊन गेले आणि परत येईस्तोवर मागून नुसतं हूं-हूं. अख्ख्या अड्याळ गावाला कळतं, बाबा फिरायला निघाले म्हणून. आल्यावर बघितलं तर मागच्या ॲक्सलखाली तेलाचा डाग, भाकरीएवढा.

म्हटलं, बाबा, मागचा डिफरेन्शियल खोलून बघावा लागेल.

‘काही नोको. तेल टाकत जाय.’

सगळ्या गोष्टींवर माझं ऐकतात. औषध, चष्मा, काठी. पण मागच्या ॲक्सलमधल्या, चाकं फिरवणाऱ्या त्या दातेरी धुडाला हात लावायचं नाव काढलं की संपलं. गॅरेज माझं, पाने माझे, कंबर माझी मोडते — आणि हुकूम ह्यांचा.

माझ्या मित्राचा, धर्मेंद्रचा, नागपूरहून फोन होता. त्याला जुन्या गाड्यांचं वेड. भंगारात आपल्याच मॉडेलचा अख्खा मागचा ॲक्सल मिळाला म्हणे, असली, कंपनीचा. पाठवू का? म्हटलं पाठव. बाबांना सांगितलं नाही. भांडायची ताकद नव्हती.

१४ नोव्हेंबर

तीन ट्रॅक्टर, एक थ्रेशर. धान चुरण्याचे, मळणीचे दिवस आहेत, प्रत्येकाचंच काम आजच. बायकोने, हर्षाने, पाठीला मलम चोळलं आणि म्हणाली, ‘तुमी माणूस हाय का बैल?’

१६ नोव्हेंबर

एकोडीहून लग्नपत्रिका आली. हेमराजमामांची नात कामिनी. आठ डिसेंबर. पत्रिकेवर नाव फक्त माझं — चंद्रकुमार व परिवार. बाबांचं नाही. बाबांनी ती नव्या चष्म्यातून दोनदा वाचली, घडी केली आणि देवाजवळ ठेवली. म्हणाले, ‘जाजो तू. मामा होय तुया.’

मला राग कुणाचा येतो तेच कळेनासं झालंय.

मी दहा वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. माय रोवण्याला, धानाच्या लावणीला, माहेरी एकोडीला गेली होती. धानाच्या बांधीत तिला साप चावला. बाबा त्याच दिवशी चिखल्याच्या खाणीवरून, आम्ही राहायचो तिथून, तिला न्यायला आलेले, गाडी दारात. ही विलायती गाडी खाणीच्या मॅनेजर सायबाची. बाबा त्यांचे ड्रायव्हर. साहेब खाण सोडून कायमचे गेले तेव्हा मागचा डिफरेन्शियल तुटलेला होता, गाडी नुसती उभी होती, म्हणून बाबांना देऊन गेले. मग खाणीतल्याच एका मोडक्या जीपचं अख्खं धूड काढून हिला बसवलं, आणि गाडी चालायला लागली. त्यानंतर तिचा पहिला लांबचा प्रवास म्हणजे एकोडी. आणि दुसरा, मायला घेऊन भंडाऱ्याचा दवाखाना.

दोनच सीट. म्हणून मामा मागून राजदूत मोटारसायकलवर. मामाही तेव्हा खाणीतच कामाला, रोवण्यापुरते घरी आलेले; एरवी जेवायचे आमच्याच घरी, मायवर जीव. मी आजीजवळ एकोडीतच राहिलो होतो, रडत.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर! एवढं एकच वाक्य. त्या एका वाक्याने घराची दोन घरं केली.

सरणाजवळच मामा ओरडले होते. ते मला ऐकू येतं अजून. ‘माया राजदूतचा काटा साठाच्या वर गेलाच नाई! तरी मी मागंच व्हतो! बहीन मरून राहिली आन ह्यानं गाडी जपली!’ बाबा म्हणत होते, ‘ऐंशीवर व्हता काटा हेमराज. मायच्यान ऐंशीवर. रस्ता त्याच्या वर जाऊ देत नव्हता.’

तेरवीनंतर बाबा वाद घालायचेच थांबले. मामा आमच्या दारात आले नाहीत. लग्नाकार्यात मी भेटलो की एकच प्रश्न — ‘हळू चालवणारा कसा हाय?’ मी हसल्यासारखं करतो. इतकी वर्षं हसल्यासारखं करतो आहे.

१९ नोव्हेंबर

धर्मेंद्रचा ॲक्सल आला, टेम्पोतून. शेडमागे ताडपत्रीखाली लपवला. पन्नाशीला टेकलो तरी बापापासून वस्तू लपवतो आहे. वा!

२१ नोव्हेंबर

बाबा हयातीचा दाखला द्यायला भंडाऱ्याला बँकेत गेले. सकाळच्या एसटीने. जिवंत आहोत हे दरवर्षी दाखवायला जावं लागतं बिचाऱ्यांना. मी ट्रॅक्टरवाल्यांना उद्या या सांगितलं आणि धूड खोललं.

बेअरिंग गेलेलं. ते ठीक. पण सवयीने दात मोजले. मोठ्या चक्राला, क्राउनला, त्रेचाळीस; त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनला आठ. धर्मेंद्रच्या असली ॲक्सलमध्ये क्राउनला त्रेचाळीसच, पण पिनियनला अकरा.

आठ आणि अकरा! म्हणजे जीपच्या धुडावर चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन सव्वापाचच्या वर फेरे मारतं. असलीवर चारही नाही. बरोबरच आहे, जीप चढावर ओझं ओढायला, ही गाडी पळायला. इथवर मी गमतीतच होतो. म्हटलं, म्हातारा इतकी वर्षं विलायती घोडीला नांगराला जुंपून फिरतोय.

मग डोक्यात आलं — वेगाच्या काट्याची केबल कुठून निघते? गिअरबॉक्सच्या शेपटीतून. म्हणजे डिफरेन्शियलच्या अलीकडून! त्याला काय माहीत मागे कुणाचं धूड बसलंय? तो आपला असली ॲक्सलचाच हिशोब दाखवणार.

कामचलाऊ बांधलं, तेल भरलं, पवनी रोडला काढली. मोबाईल वेग मोजायला लावून समोर ठेवला. काटा ऐंशीवर नेला. मोबाईल म्हणाला, अठ्ठावन्न.

बाजूला उभी केली. तिथेच बसून राहिलो. मागून एक धानाचा ट्रॅक्टर हॉर्न देत गेला, ओळखीचा होता, हातसुद्धा केला नाही मी.

दोघंही खरे होते. बाबांचा काटा ऐंशीवर होता आणि मामांचा साठाच्या आत. आणि बाबांचा कानही फसला. सायबाची गाडी कितीतरी वर्षं चालवलेली, ऐंशीला इंजिन कसं बोलतं हे त्यांना पाठ. इंजिन तसंच बोलत होतं, कारण इंजिन आणि काटा दोन्ही अलीकडचे. पलीकडे फक्त चाकं. ती हळू होती.

एकोडी ते भंडारा. दहा-बारा मिनिटं गेली असतील त्यात. त्यात माय होती.

२२ नोव्हेंबर

काही लिहावंसं वाटत नाही.

२४ नोव्हेंबर

हर्षाला सांगितलं. ती लगेच म्हणाली, ‘मग मामाले सांगा ना! भांडण तुटन. काहून बसून राहिले?’

मामांना सांगितलं म्हणजे बाबांना कळणारच. म्हणजे ऐंशी वर्षांच्या माणसाला जाऊन सांगायचं, की बाबा, तुम्ही शपथ खाऊन सांगत होता ते खरं नव्हतं. तुम्ही तिला खरंच हळू नेलं. त्यांच्याजवळ तो एक काटा आहे धरायला. तोही काढून घेऊ?

आणि नाही सांगितलं तर मामा पुढच्या लग्नातही विचारतील. थकलो आहे मी ह्या दोन म्हाताऱ्यांच्या मधे उभा राहून!

हर्षा म्हणाली, जेवा आधी. जेवलो.

२६ नोव्हेंबर

गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली आणि जीपचं धूड पुरतं उतरवलं. होईल ते होवो. निदान गाडी तरी खरं बोलू दे.

बाबा काठी टेकत शेडमध्ये आले. वाटलं आता आग! ते बाज ओढून बसले. उतरवलेल्या धुडाकडे बघत राहिले, कितीतरी वेळ. मग म्हणाले, ‘खोललंच शेवटी.’

म्हटलं, हो.

‘करून टाक आता. पन जुना माल कोनाले दाखवू नोको. भंगारवाल्याले बी नाई.’

एवढंच! मी शिव्यांची तयारी करून होतो. चहा आणला तर घेतलाही. पाठ दुखत होती म्हणून की काय, मला उगाच रडू आलं. बोल्ट घट्ट करायच्या निमित्ताने गाडीखाली गेलो.

२९ नोव्हेंबर

असली ॲक्सल बसला. आवाज नाही, तेल नाही, गाडी एकदम शहाणी.

बाबा म्हणाले, चाल, चक्कर मार. मी चालवायला, ते मायच्या जागेवर. पवनी रोड मोकळा होता. दोन्हीकडे कापून रचलेल्या धानाची पुंजणी उभी, घरी जायची बाकी. काटा ऐंशीवर नेला. इंजिन तेच, तसंच. पण वारा! बाबांचा दुपट्टा उडून मागे गेला, तो मी एका हाताने धरला. ते काट्याकडे बघत नव्हते. बाजूला बघत होते.

मग म्हणाले, ‘त्या दिवशी झाडं अशी नव्हती जाऊन राहिली.’

माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून निघाला. त्यांना कळलं! मी सांगितलं नाही तरी कळलं. चालवणाऱ्या माणसापासून काय लपवणार होतो मी? उतरताना त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, जसा ढोराच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि आत गेले.

मीच केलं हे. गाडी दुरुस्त केली आणि बाप मोडला.

२ डिसेंबर

बाबा जेवतात, औषध घेतात, पेपर वाचतात. काहीच झालं नाही असं वागतात. हे मला जास्त छळतं.

ठरवलं. बाबांना कळलंच आहे तर आता राखायचं काय? लग्नात मामांना बाजूला घेतो आणि सगळं सांगतो. आठ दात, अकरा दात, मोबाईलवर हिशोब करून दाखवतो. दोघंही खरे होते, कुणाचाच दोष नाही. मामा फिटर माणूस, दातांची भाषा त्यांना लगेच कळेल. मग त्यांना ह्याच गाडीत बसवून घरी आणतो! बरं वाटलं लिहून. कितीतरी दिवसांनी पाठ थोडी हलकी वाटते आहे.

७ डिसेंबर

बाबांना सांगितलं, उद्या मामांना सगळं सांगणार आहे.

त्यांनी माझा हात धरला. ‘नोको सांगू. थे धूड हेमराजनंच बसवलं व्हतं. बहिनीले गाडीत बसाले भेटन म्हून सुट्ट्या टाकून खपला पोरगा. खाणीत काटा कोन पाहते? धूड बदललं का काटा खोटा बोलते, हे त्याले काय माहीत! मी तेरवीनंतर ह्याच गाडीनं एकटा चिखल्याले परत आलो, घड्याळ पाहत, किलोमीटरचे दगड मोजत. तवाच समजलं मले. मी हळू चालवली, एवढंच राहू दे. त्याले झेपनार नाई.’

उद्या सकाळी एकोडी. मी आणि हर्षा, एसटीने. गाडी नेत नाही.

मामा विचारतील, हळू चालवणारा कसा हाय?

सांगीन, हळूच चालवतात अजून.