परीक्षक क्रमांक दोन

विश्रामबाग, सांगली
१७ ऑगस्ट २०२५

ती. राजेश्वरी आत्यास,
सृष्टीचा सा. न. वि. वि.

फोनच करणार होते. पण फोन लावला की तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि मेसेजला तुम्ही नुसते जोडलेले हात पाठवता. शिवाय हे स्टाफरूममध्ये बोलण्यासारखं नाही. इथं सगळे चहा पिताना कान माझ्याकडंच लावून बसलेले असतात.

माझा स्ट्रॉबेरीच्या विम्यावरचा लेख परत आला. महाबळेश्वरच्या बाजूला दोन हंगाम पायपीट करून केलेला. अवकाळी पाऊस ठराविक आकड्याच्या वर गेला की शेतकऱ्याला भरपाई मिळते; ती ज्याचं पीक खरंच गेलं त्यालाच मिळते का, एवढाच त्याचा विषय. तुम्हाला मुद्दामच वाचायला दिला नव्हता. अर्थशास्त्राची प्राध्यापक आत्या घरात असली की तिनंच लिहून दिला असं म्हणायला लोक टपलेले असतात.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला मी काय सांगायची, तुम्ही जन्मभर तेच केलंत. लेखावरचं नाव काढून तो दोन परीक्षकांकडं जातो, आणि ते दोघं कोण हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. पहिल्यानं अर्ध्या पानात बरं म्हटलं. दुसऱ्यानं चार पानं भरून माझी सालं काढली. त्यातलं एक वाक्य तर मला पाठच झालंय : 'लेखकाने पुरावा हाती येण्याआधीच निष्कर्ष काढून ठेवलेला दिसतो.' आणि शेवटी फर्मान, की अमुक दोन लेखांचा आधार घ्यावा. आत्या, ते दोन्ही लेख धवलचे आहेत. हळदीच्या गोदामांवरचे. स्ट्रॉबेरीच्या विम्यात हळदीचं गोदाम कुठून आलं, सांगा बघू? आमच्या क्षेत्रातलं शेंबडं पोरही सांगेल, की 'अमक्याचे लेख वाचा' म्हणणारा परीक्षक बहुधा अमकाच असतो.

हो, तोच धवल मगदूम. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा, आणि ज्याच्यासाठी तुम्ही आबांशी भांडलात तो. आपल्या जत्रेला मटण असतं, तिथं हा जैनाचा पोरगा जेवणार काय, असं आबा विचारत होते. तेव्हा तुम्हीच म्हणालात की त्याच्यासाठी पिठलं मी करीन. तुळशीच्या लग्नानंतर आमची तारीख आहे, आणि इकडं हा नाव लपवून माझा लेख पाडतो. अजून मी त्याला काही बोलले नाही. आबांना यातलं अक्षर कळू देऊ नका.

माझ्यावर माया आहेच तुमची. या वेळी थोडा रागही माझ्या बाजूनं धरा.

तुमची,
सृष्टी

·

गंगापुरी, वाई
२१ ऑगस्ट २०२५

चि. सृष्टीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कृष्णामाई घाटाच्या पायऱ्या चढून वर आली आहे, त्यामुळे माझं फिरणं बंद आणि गुडघा खूश. जोतीराम परवा घेवड्याच्या शेंगा देऊन गेला. लग्नात फौजेतले दोस्त किती बोलवायचे यावर तासभर बोलत होता. तुझा बाप इतका हौशी आहे हे मला आजवर ठाऊक नव्हतं. त्याला मी काही सांगितलेलं नाही.

आता तुझं. बाई गं, लेख परत येणं म्हणजे आभाळ कोसळणं नव्हे. माझा पहिला लेख तर पोस्टातून परत आला होता, तिकिटाचे पैसे अंगावर पडले ते वेगळेच. परीक्षक कोण आहे हे हुडकत बसण्यापेक्षा तो काय म्हणतो ते बघ. तालुक्याच्या गावातल्या पर्जन्यमापकावर पडलेला पाऊस आणि खाली दरीतल्या वाफ्यावर पडलेला पाऊस एकच धरलास, तर कुणीही विचारणारच. त्यात तुझा अपमान कसला?

आणि धवलचं नाव एवढ्या घाईनं घेऊ नकोस. ते दोन लेख कुणी का सुचवले असतील याची कारणं शंभर असू शकतात. चार दिवस गप्प बस, थंड डोक्यानं दुरुस्त्या कर. मी म्हणते म्हणून कर.

जेवणाची आबाळ करू नकोस. राग आला की तू फक्त चहावर राहतेस, हे मला माहीत आहे.

तुझ्या भल्याचंच चिंतणारी,
आत्या

·

सांगली
२५ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुम्ही गप्प बस म्हणालात आणि माझ्यानं ते झालं नाही. शनिवारी कॉलेज सुटल्यावर धवलला पार्किंगमध्ये गाठलं आणि तोंडावर विचारलं, की माझा लेख तपासायला तुझ्याकडं आला होता का? आत्या, माणूस नाही म्हणतो. रागावतो, हसतो, काही तरी करतो. हा गाडीच्या किल्लीकडं बघत उभा राहिला. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, की ते चार पानी टिपण त्याचं नाही. मी म्हटलं, मी टिपणाचं विचारलंच नाही, लेख आला होता का ते सांग. त्यावर तो म्हणाला की याचं उत्तर त्याला देता येणार नाही.

आणखी काय पुरावा पाहिजे? जुलैमध्ये त्यानं मला दोनदा विचारलं होतं, लेख कुठं पाठवलास म्हणून. त्याआधी कधी विचारायचा नाही. गेल्या महिन्यात मी कुठलाही तक्ता उघडला, की हा उठून खिडकीपाशी जायचा. तेव्हा मला वाटायचं, किती समंजस आहे. आता सगळं लक्षात येतंय.

मी त्याला सांगितलं, लग्न थांबवू या. त्यानं बरं म्हटलं. बरं! एवढंच. विभागप्रमुखांना द्यायची तक्रार लिहून ठेवली आहे. गणपतीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं की देणार. त्याची नोकरी कायम व्हायची आहे हे मला ठाऊक आहे, पण मी काय करू? रोज ज्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली त्यानंच असं करावं, हे मला सोसत नाही. दोन दिवस नुसती रडते आहे.

आणि तुम्हाला एक विचारायचं आहे. परीक्षकानं पर्जन्यमापकावरून धरलंय, हे मी पत्रात लिहिलंच नव्हतं. पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. तुम्हाला ते कसं कळलं? म्हणजे धवलनं तुम्हालाही गाठलेलं दिसतंय. माझ्या घरच्या माणसांना आधीच आपल्या बाजूला वळवून ठेवलं त्यानं. तो तुम्हाला काय म्हणाला ते सगळं कळवा. लपवू नका.

माया पातळ होऊ देऊ नका, सध्या मला तेवढाच आधार आहे.

सृष्टी

·

वाई
२९ ऑगस्ट २०२५

चि. सृष्टीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. आपल्या शेजारचा धुळा एस.टी.वर ड्रायव्हर आहे, सांगलीची गाडी घेऊन जातो, त्याच्या हाती देते आहे. वाचून होईपर्यंत ती तक्रार कुणाला देऊ नकोस.

परीक्षक क्रमांक दोन मी आहे.

धवल मला भेटला नाही, त्याचा फोन नाही, काही नाही. लेख माझ्याकडं आला तेव्हा त्यावर नाव नव्हतं. तिसऱ्या पानावर एका शेतकरीणबाईचं म्हणणं होतं, की आमच्या दरीत पाऊस तिरका येतो, सरकारच्या भांड्यात तो पडतच नाही. हे तू दिवाळीत माझ्या ओट्यावर बसून मला सांगितलं होतंस. त्याच क्षणी लेख परत पाठवायला हवा होता. विद्यार्थ्यांना मी हेच शिकवलं : ओळखीच्याचा लेख आला, तर हात लावायचा नाही.

मग का ठेवला? घमेंड, दुसरं काय. वाटलं, माझ्या भाचीचं काम कुणी तरी वरवर चाळून पास करील आणि पुढं जग हसेल. त्यापेक्षा मीच कसून बघते. आणि आपलीच आहे म्हणून ढिलाई नको, या नादात जास्तच कडक झाले. ते निष्कर्षाचं वाक्य लिहिताना मला बरंसुद्धा वाटलं होतं. आज त्याचीच लाज वाटते.

राहिले धवलचे लेख. लोक मुलाची पत्रिका बघतात. मी त्याचे लेख मागवले. तुझ्या बापाशी भांडायचं होतं, तर मुलगा कसा विचार करतो ते मला माहीत नको? सगळे वाचले, आणि मगच जोतीरामशी भांडले. त्या दोन लेखांत हाच प्रश्न आहे गं. एका पोत्यातली मूठभर हळद तपासून अख्ख्या थप्पीचा भाव ठरवतात, तो कितपत खरा? तुझ्या एका पर्जन्यमापकाचं दुसरं काय आहे? ते सुचवताना, तू त्याच्यावर संशय घेशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एक विचारते, रागावू नकोस. तू ते लेख वाचलेस का?

परीक्षकानं आपलं नाव सांगायचं नसतं. तो नियमही आज मोडते आहे. संपादकांना कालच खरं काय ते कळवलं, आणि यापुढं माझ्याकडं लेख पाठवू नका असंही लिहिलं. तुझा लेख नव्या माणसाकडं जाईल. धवलनं उत्तर का टाळलं ते मला ठाऊक नाही. पण त्या मुलाच्या नावावर माझ्यामुळं डाग लागणार असेल, तर विभागप्रमुखांसमोर येऊन मी स्वतः सांगीन. गुडघ्याचं काय व्हायचं ते होऊ दे.

लोभ ठेव असं मागायचं तोंड मला नाही. तो तुझ्या मर्जीवर.

राजेश्वरी आत्या

·

सांगली
११ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
सृष्टीचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. आधी तुमचा इतका राग आला, की पत्र ट्रंकेत कोंबून ठेवलं. तक्रार मात्र तेव्हाच फाडली. मग हळदीचे दोन्ही लेख काढून एका बैठकीत वाचले. तुमचं खरं आहे, मी ते वाचले नव्हते. ज्याच्याशी लग्न करणार त्याचं काम मी कधी उघडूनही बघितलं नव्हतं, आणि ते किती चांगलं आहे हे मला आत्ता कळतंय.

धवलला तुमचं पत्र वाचायला दिलं. दोनदा वाचून त्यानं घडी केली. मग म्हणाला, की आता ते उघडच झालं आहे, तर सांगायला हरकत नाही. आत्या, लेख आधी त्याच्याकडंच आला होता. त्यानं ओळखला आणि त्याच दिवशी परत केला. संपादकांना कळवलं, की हा लेख माझ्या होणाऱ्या बायकोचा वाटतो, मला तपासता येणार नाही. लेख आपल्याकडं आला होता हेही कुणाला सांगायचं नसतं, म्हणून त्यानं मला सांगितलं नाही. मी पार्किंगमध्ये नाही नाही ते बोलले तेव्हासुद्धा नाही. जुलैमध्ये लेख कुठं पाठवलास विचारत होता, तो फक्त आपला अंदाज बरोबर होता ना, याची खात्री करत होता. खिडकीपाशी जायचा, तो तक्त्यावर नजर पडू नये म्हणून.

तुम्हाला टोचावं म्हणून हे लिहीत नाही. टोचणार, हे मात्र माहीत आहे. चुकायच्या बाबतीत आपण दोघी एकाच घरच्या आहोत, एवढंच मनात आलं.

मग तो त्यांच्या पर्युषण पर्वासाठी घरी, समडोळीला गेला. पर्व संपलं, की त्यांच्यात क्षमेचा दिवस असतो. सगळे सगळ्यांची क्षमा मागतात, अगदी वर्षभर न बोलणारे भाऊसुद्धा. मला वाटलं, बरं झालं, तो दिवस धरून जावं. फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, की त्या दिवशी येऊ नकोस. त्या दिवशी माफ करावंच लागतं, कुणालाही आणि कशासाठीही. मला असं माफ करायचं नाही. नंतर कुठल्याही साध्या वारी ये, म्हणाला.

तो दिवस सोमवारी होऊन गेला. मी शनिवारी जाणार आहे. आबांना सगळं सांगितलं. मग म्हणाले की मी बरोबर येतो, पोरगं लय सरळ हाय, पाय धरायची येळ आली तर मी धरीन. त्यांना नको म्हटलं. हे माझं मलाच केलं पाहिजे.

तो हो म्हणेल की नाही, मला ठाऊक नाही. एस.टी.त बसल्यावर तो काय म्हणेल, मी काय म्हणेन, हे सगळं आधीच ठरवून टाकायची माझी सवय. परीक्षक क्रमांक दोनचं ते वाक्य माझ्या लेखाला लागू होत नाही, असं मी अजूनही भांडून सांगेन. मला मात्र ते लागू आहे. या वेळी काही न ठरवता जाणार आहे.

आल्यावर कळवते. पिठल्याचं बेसन आणून ठेवू नका अजून.

तुमच्यावरचा माझा लोभ थोडा दुखावलाय, पण जागेवर आहे. तुमचाही तसाच राहू द्या.

तुमची,
सृष्टी