मालक काही बोलले नाहीत

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, निवृत्त टंकलेखिका, बुकबाइंडरची विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कुणाचा दबाव नाही. वैताग मात्र भरपूर आहे.

१. वरच्या दोन खोल्या मुलीला. तिने त्या विकल्या तरी मला वाईट वाटणार नाही. कपाटातला माझा शाळेचा निळा स्वेटर तेवढा टाकू नये. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी कोपरावर केलेले रफू अजून उसवलेले नाही.

२. खालचा गाळा, पुस्तके दाबायचा शिकंजा, पुठ्ठे कापायचे यंत्र, दाभणे आणि खळीचे पातेले माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "कॉन्व्हेंटची मुलगी, हिला नुसत्या प्रार्थना येणार." ते मी विसरलेले नाही. तरीही गाळा त्यांनाच, कारण गाळ्याबरोबर दावा येतो.

३. दाव्याविषयी. सात वर्षांपूर्वी पालिकेने आमचा रस्ता 'विशेष सेवा क्षेत्र' ठरवला. जादा कर भरायचा, त्यातून झाडलोट, दिवे, पहारेकरी. कारभार एका मंडळाकडे. गाळ्यांच्या एक तृतीयांश मालकांनी तीस दिवसांत लेखी हरकत घेतली तर ठराव रद्द, असा नियम. गाळे सत्त्याऐंशी, हरकती हव्या होत्या एकोणतीस. आम्ही बरोबर एकोणतीस दिल्या. माझी बाद झाली, कारण गाळा कागदोपत्री ह्यांच्या नावावर होता.

खिडकीवरचा कारकून म्हणाला, "बाई, तुम्ही मालक नाही. आणि मालक काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांची संमती आहे."

"मालक चार वर्षांपूर्वी वारले," मी म्हटले.

"मग नाव का नाही बदललं?"

उत्तर होते, पण ते खिडकीत सांगण्यासारखे नव्हते. दरवर्षी कराच्या कागदावर ह्यांचे पूर्ण नाव छापून येई. पोस्टमन ते मोठ्याने वाचून हाक मारी आणि मी "आले" म्हणून खाली जाई. ते थांबवायला हात धजला नाही. माझ्या या हळवेपणामुळे अठ्ठावीस जणांची मेहनत पाण्यात गेली. उभ्या आयुष्यात कुणाला सहजासहजी 'बरं' न म्हणणाऱ्या माणसाला मरणानंतर 'हो' म्हणायला लावले.

गाळा नंतर माझ्या नावावर करून घेतला आणि कोर्टात गेले. तारखांवर तारखा पडत आहेत. मुलगी म्हणते, "आई, रस्ता झाडलेला असतो, दिवे लागतात. तुला नक्की त्रास काय आहे?" झाडलेला रस्ता मलाही आवडतो. मला कुणी विचारले नाही, हा त्रास आहे. तिला तो कळत नाही, म्हणून दावा तिच्या गळ्यात घालत नाही. वन्सं प्रत्येक तारखेला आल्या, बाकावर बसून डुलक्या काढल्या, आणि पुकारा झाला की मला कोपराने ढोसले. कागदपत्रे मी ह्यांच्या दाभणाने शिवून ठेवली आहेत. एकही पान सुटे नाही.

४. मंडळाचे अध्यक्ष, कोपऱ्यावरचे औषधवाले, यांनी गाळ्याबाहेरचे बाकडे अतिक्रमण म्हणून उचलून नेले. त्याच बाकड्यावर ह्यांच्या शेजारी बसून ते वीस वर्षे चहा प्यायले. बाकडे परत मिळाले तर होते तिथे ठेवावे. औषधवाल्यांना बसू द्यावे. त्यांचे गुडघे गेले आहेत. पण चहा त्यांनी स्वतः आणावा.

५. शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. वारसाने नव्वद दिवसांत अर्ज दिला नाही तर दावा आपोआप रद्द होतो, असे वकीलबाईंनी सांगितले आहे. म्हणून वन्संनी रडणे-बिडणे नंतर करावे. मी गेल्यावर आठवड्याच्या आत माझे नाव गाळ्याच्या कागदावरून काढावे, स्वतःचे लावावे आणि दाव्यात उभे राहावे. माझे नाव राहू दे, असे प्रेमाने कुणाला वाटले तरी ऐकू नये. मी गप्प असेन. त्याचा अर्थ 'हो' असा नाही.

स्थळ: खालचा गाळा, शिकंज्याशेजारचे टेबल
दिनांक: ११ मार्च २०१९
सही: (निळ्या शाईत, पूर्ण नावाने)

साक्षीदार:
१. दाखला देणारे डॉक्टर (सही)
२. समोरचे बेकरीवाले, हरकत क्रमांक चौदा (सही)

वन्संनाही सही करायची होती. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. त्यावर वन्सं म्हणाल्या, "म्हणजे तिथे तुझी हरकत बाद, इथे माझी सही."