डावीकडचा ड्रम

९ जानेवारी

"अनुभव किती?" शून्य. "मग दोन वर्षांनी या." दोन मिनिटांत मी बाहेर!

गाडीवर बसल्याशिवाय अनुभव आणू कुठून? आणि गाडीवर बसवणार कुणाला, तर अनुभव असेल त्यालाच. हे मी विचारलं तर साहेब घड्याळाकडे बघायला लागला. ही निळ्या फाटकाची कंपनी. त्याआधी दूधवाले, त्याआधी सिमेंटवाले. सिमेंटवाल्यांनी तर अर्जाला हातही लावला नाही, शिपायाकडूनच परत.

चौदा वर्षं लिफ्टमन होतो. स्टुलावर बसायचं, वर जायचं, खाली यायचं. मग नवी लिफ्ट आली, लोक आपापली बटणं दाबायला लागले आणि मला नारळ मिळाला. एकोणचाळिसाव्या वर्षी अवजड गाडीचं लायसन्स काढलं. वर-खाली पुष्कळ झालं, आता जरा पुढे-मागे करू म्हटलं. तर पुढे कोण जाऊ देतंय!

हिने दारातच ओळखलं. न विचारताच चहा टाकला, तेच जास्त लागलं.

११ जानेवारी

हिचे वडील आले होते. तेहेतीस वर्षं ट्रक चालवला त्यांनी, गाडीला एक ओरखडा नाही. स्वतः कधी बोलत नाहीत, पण ट्रकवाले अजून नाव काढतात.

त्यांनीच एक कंपनी सांगितली. नवीन माणसं घेतात, पण आधी तीन आठवडे मैदानात ट्रेनिंग, मग परीक्षा. आणि शेवटी एका जुन्या ड्रायव्हरचा शब्द लागतो. कंपनी त्याला फोन करून विचारते, या माणसाच्या हातात गाडी द्यावी का म्हणून. मी म्हटलं, बाबा, तुमचंच नाव लिहितो. ते "हं" म्हणाले. म्हाताऱ्याचं बोलणं एवढंच असतं.

पण खरं सांगतो, आज बरं वाटलं.

१९ जानेवारी

ट्रेनिंग सुरू. सहा जण आहोत. शिकवणाऱ्याच्या गळ्यात शिट्टी, आणि तेच त्याचं नाव पडलंय. हाक मारायला शिट्टी, थांबवायला शिट्टी, शिव्या द्यायलाही शिट्टीच.

गाडीला हात लावण्याआधी भोवती फेरी मारायची. हातोडीने एकेक टायर ठोकून आवाज ऐकायचा. खाली सरपटत जाऊन तेल गळतंय का बघायचं. एक गोष्ट विसरली की पुन्हा पहिल्यापासून. मी चार फेऱ्या मारल्या. दोन्ही कोपरं सोलवटली. स्टिअरिंग हातात आलं ते दुपारी, अकरा मिनिटं!

२१ जानेवारी

ड्रमांच्या दोन रांगांमधून गाडी मागे घ्यायची. डावीकडचा ड्रम पाडला. दोनदा.

२३ जानेवारी

चार वेळा. दर वेळी डावीकडचाच. शिट्टी सगळ्यांसमोर म्हणाला, "डावा आरसा काय दाढी करायला लावलाय?" सगळे हसले. पैलवान सगळ्यात जास्त हसला. हा पैलवान पंचविशीचा, गिअर टाकतो ते कुणाशी झोंबल्यासारखा. पण त्याचा काका दुसऱ्या कंपनीत आहे, त्याला कसली चिंता.

मी बघतोच आहे की आरशात! आरसाच वाकडा आहे. सांगितलं तर म्हणतो, गाडी तीच, बाकीच्यांना बरी दिसते.

२५ जानेवारी

आज सासरे मैदानाच्या कुंपणाशी उभे. तासभर. मी तीन ड्रम आडवे केले, त्यांच्या डोळ्यांदेखत. मग निघून गेले.

संध्याकाळी घरी हजर! माझ्या डाव्या बाजूला येऊन बसले. मी आपला टायरांच्या हवेचे आकडे पाठ करत होतो. एकदम ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, बाबा केव्हापासून पेपर देतायत तुम्हाला, घ्या ना!" वळून बघतो तर खरंच, म्हातारा पेपर पुढे धरून बसलाय. तोंडाने सांगायला काय झालं होतं? मी चिडून घेतला आणि वाचला नाही.

जाताना म्हणाले, जावईबापू, एकदा डोळे तपासून घ्या. म्हटलं, लायसन्सच्या वेळी तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचलीय मी. "हं."

२८ जानेवारी

ही डावीकडून आली आणि मी दचकलो. चहा सांडला. हिची चालच मांजराची.

३० जानेवारी

युक्ती सापडली! ड्रमांकडे बघायचंच नाही. कुंपणाचे खांब मोजायचे. तिसरा खांब खिडकीशी आला की स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे, चार आकडे मोजायचे, मग सरळ. लिफ्टमध्ये असताना मजले असेच अंगात मुरले होते. दिवे गेले तरी मी सातवा मजला बरोबर सांगायचो.

आज एकही ड्रम नाही पडला. शिट्टी वाजली नाही. तो तोंडात शिट्टी धरून नुसताच बघत राहिला.

पैलवान ट्रेनिंग अर्धवट सोडून गेला. काकाने शब्द टाकला, नोकरी पक्की. बघा म्हणजे! क्लचचं पेडल मोडणारा माणूस सोमवारपासून रस्त्यावर.

६ फेब्रुवारी

पास! उरलेल्या पाचांतले तीन पास, त्यात मी. सासरे आजही कुंपणाशी होते. शिट्टीने पाठ थोपटली, हातही मिळवला. सासऱ्यांनी नुसतं बघितलं. आनंद व्हायला पैसे पडतात काय?

हिने माझी जुनी लिफ्टमनची टोपी फडताळातून काढून बोहारणीला द्यायच्या गाठोड्यात टाकली. मी बघितलं, टाकू दिली. मलाही तेच हवं होतं.

९ फेब्रुवारी

फोन नाही.

१२ फेब्रुवारी

नाही. बाकी दोघांना आला.

१३ फेब्रुवारी

स्वतः गेलो. टेबलावरच्या बाईंनी फाईल काढली, वाचली, बंद केली. म्हणाल्या, सध्या जागा नाहीत. मी म्हटलं, बाहेर पाटी लागलीय की, ड्रायव्हर पाहिजेत! हात जोडले, अक्षरशः नाकदुऱ्या काढल्या. मग त्यांनाच कीव आली असावी. खालच्या आवाजात म्हणाल्या, "आमचं काही नाही हो. तुम्ही ज्यांचं नाव दिलंत, त्यांनीच नको म्हणून सांगितलं."

दोनदा विचारलं. दोनदा तेच.

सासरे! माझे सासरे! कंपनी दाखवली त्यांनी, "हं" म्हणाले त्यांनी, आणि केसाने गळा कापला तोही त्यांनीच. तळपायाची आग मस्तकात गेलीय. पैलवानाचा काका काका असून शब्द टाकतो, आणि यांच्या पोरीचा संसार आहे हा! तेहेतीस वर्षांत ओरखडा नाही म्हणे. जावयाने ट्रक चालवला तर यांच्या नावाला पडला असता ना ओरखडा.

हिला सांगितलं. विश्वासच बसेना हिचा. मग रडली. मग मलाच म्हणाली, काहीतरी कारण असेल. बापाचीच बाजू घेणार शेवटी! आज जेवलो नाही.

१५ फेब्रुवारी

गेलो त्यांच्याकडे. ही नको म्हणत होती, आली मागून. ते खाटेवर बसले होते. मी चप्पलही न काढता विचारलं, कंपनीला नको म्हणून सांगितलंत की नाही? हो म्हणाले! मान वर करून, सरळ.

"मैदानात तुम्ही बघत नव्हता, मोजत होता," ते म्हणाले. "रस्त्यावर काय मोजणार? डावीकडून सायकल येते, पोर येतं. तो पेपर मी हात भरून येईपर्यंत धरला होता तुमच्यासमोर. तुम्हाला दिसला नाही."

मी म्हटलं, मग माझ्या तोंडावर सांगायचं होतं. कंपनीला सांगायला जीभ बरी वळली!

मग हिच्याकडे बघत म्हणाले, "जावयाला आंधळा कसं म्हणू? डोळे दाखवा म्हणालो, तुम्ही ऐकलं नाहीत."

आंधळा! तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणारा मी आंधळा! निघताना त्यांच्या दाराची चौकट लागली दंडाला. घरंसुद्धा अरुंद बांधतात ही माणसं.

ठरवलं. डॉक्टरांकडे जायचं, लेखी घ्यायचं, आणि तो कागद या माणसाच्या तोंडावर मारायचा. त्यानंतर संबंध संपला.

१८ फेब्रुवारी

उद्याची वेळ मिळाली. ही येते म्हणाली, नको म्हटलं. कागद घेऊन परस्पर त्यांच्याकडेच जाणार आहे.

१९ फेब्रुवारी

काचबिंदू. डाव्या डोळ्याची बाजूची नजर केव्हाच गेलीय. समोरचं दिसतं, म्हणून अक्षरं वाचता आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही, उरलेलं औषधाने राखता येईल, बरं झालं आत्ताच आलात. ट्रकचं विचारलं. त्यांनी मान हलवली.

कागद घेऊन बाहेर आलो तर सासरे बाकावर बसलेले. हिनेच वेळ कळवली असणार. केव्हापासून बसलेत, कोण जाणे. मला बघून उठले.

चालत घरी आलो. सगळा रस्ता ते माझ्या डाव्या बाजूने चालत होते.